पडलेलं झाकण आणि तळ नसलेला ग्रह

काही चित्रं एका बैठकीत बघून संपत नाहीत. कॅसिनी यानाने १९ जुलै २०१३ रोजी शनीच्या सावलीत शिरून टिपलेलं चित्र माझ्यासाठी त्यांपैकी एक. सूर्य शनीच्या बरोबर मागे, यान शनीपासून सुमारे १२ लाख किलोमीटरवर आणि मध्ये ग्रहाचं भलंमोठं, काळोखात बुडालेलं बिंब. त्या बिंबाच्या काठाने उन्हाची एक बारीक रेघ आली आहे. कडी मात्र झळाळून उठली आहेत. उन्हाच्या तिरिपेकडे तोंड करून बसलं की खोलीतली धूळ लखलखताना दिसते आणि पाठ फिरवली की दिसेनाशी होते, तसंच हे. शनीच्या कड्यांमधली बारीक धूळ मागून आलेल्या उजेडातच खरी फुलते. सगळ्यांत बाहेर एक निळसर, रुंद, धुकट कडं आहे. एन्सेलॅडस नावाच्या चंद्राच्या दक्षिण ध्रुवावरून उडणाऱ्या बर्फाच्या फवाऱ्यांनी ते तयार झालं आहे. एरवी ते डोळ्यांना जवळपास सापडतच नाही.

हे चित्र एका फटक्यात घेतलेलं नाही. साधारण चार तासांत कॅसिनीने ३२३ छबी घेतल्या आणि त्यांतल्या १४१ जोडून साडेसहा लाख किलोमीटर रुंदीचा हा पट विणला गेला. कॅरोलिन पोर्को या छायाचित्रण-गटाच्या प्रमुख होत्या. अमुक वेळेला तुमचं छायाचित्र निघणार आहे, बाहेर या, आकाशाकडे बघा, असं त्यांनी जगाला आधीच कळवलं होतं. इतक्या दुरून आपलं चित्र काढलं जात असल्याची माणसांना आधी कल्पना होती, असं पहिल्यांदाच घडत होतं. आपल्याकडे तेव्हा २० जुलैच्या पहाटेचे तीन वाजत होते आणि शनी केव्हाच मावळला होता. यानासमोर होती ती उत्तर अमेरिका आणि अटलांटिकचा काही भाग. म्हणजे या चित्रात आपण आहोत, पण पाठमोरे.

चित्रात आपण कुठे आहोत? शनीच्या खाली उजवीकडे एक निळा ठिपका आहे, ती पृथ्वी. चित्र खूप मोठं करून पाहिलं तर त्या ठिपक्याला एका अंगाने किंचित फुगवटा दिसतो, तो चंद्र. आता नजर तिरकी वर न्यायची. शनीच्या वर डाव्या हाताला एक तेजस्वी ठिपका आहे, तो शुक्र. त्याच्याही वर, आणखी डावीकडे, नीट शोधला तरच सापडणारा फिकट तांबूस कण म्हणजे मंगळ. बुध सोडला तर सूर्याजवळचे सगळे खडकाळ ग्रह आणि एक वायूचा महाकाय ग्रह एकाच चौकटीत आले आहेत. पाठ्यपुस्तकांत या दोन जातींच्या ग्रहांचे तक्ते असतात. व्यास, घनता, चंद्रांची संख्या, सूर्यापासूनचं अंतर, सगळं त्यांत असतं. पण एका जातीच्या अंगणात उभं राहून दुसऱ्या जातीकडे पाहिलं तर कसं दिसतं, हे या चित्राइतकं कुठल्याच तक्त्याने मला सांगितलेलं नाही.

चित्राची एक प्रामाणिक कबुली त्याच्याबरोबरच प्रसिद्ध झाली. ग्रहांचे ठिपके शनीच्या मानाने कित्येक पटींनी उजळवलेले आहेत, नाहीतर ते दिसले नसते. मला ही कबुली चित्राचाच भाग वाटते. १४४ कोटी किलोमीटरवरून पृथ्वी दिसावी म्हणून कुणाला तरी दिव्याची वात वर करावी लागली.

या चित्राची मांडणी आपल्या सवयीला धक्का देते. मोठं ते ठळक आणि लहान ते पुसट, अशी आपली अपेक्षा असते. इथे मोठा ग्रह काळोखा आहे आणि लहान ग्रह उजळ ठिपके आहेत. पण माझी नजर दर वेळी अडते ती शनीच्या काठाच्या त्या उन्हाच्या रेघेवर. ती रेघ नेमकी कशाची? पृथ्वीचा काठ म्हटलं की डोंगर, समुद्र, जमीन आणि त्यावर हवेची साय. शनीच्या त्या रेघेखाली जमीन नाही. ढग आहेत, ढगांखाली आणखी ढग आहेत, त्याखाली हायड्रोजन आणि हेलियम. खाली खाली जावं तसा दाब वाढत जातो, वायू दाटत जातो, दाटता दाटता द्रवासारखा होतो, पण इथे हवा संपली आणि इथे द्रव सुरू झाला असं बोट ठेवावं अशी जागा कुठेच येत नाही. आणखी खोल गेलं की हायड्रोजन इतका चेपला जातो की तो धातूसारखा वीज वाहू लागतो.

मग शनीचा विषुववृत्तावरचा व्यास १,२०,५३६ किलोमीटर हा आकडा कुठून कुठपर्यंतचा? शास्त्रज्ञांनी त्यासाठी एक संकेत ठरवला आहे. पृथ्वीवर समुद्रसपाटीला हवेचा जेवढा दाब असतो, साधारण तेवढा दाब शनीच्या वातावरणात ज्या पातळीवर मिळतो, तिथे कल्पनेने रेघ ओढायची आणि तिला ग्रहाचा पृष्ठभाग म्हणायचं. ज्या ग्रहाला समुद्र नाही आणि सपाटीही नाही, त्याचं माप आपल्या समुद्रसपाटीने घेतलं जातं. माणसाला तळाशिवाय विचारच करता येत नाही, हे मला या एका संकेतातून जितकं जाणवलं तितकं दुसऱ्या कशातून जाणवलं नाही. शनी पाण्यावर तरंगेल हे वाक्य आपण सगळेच शाळेत शिकलो. त्याची सरासरी घनता पाण्याहून कमी आहे, इतपत ते खरं आहे. पण त्या वाक्याने मनात रबरी चेंडू उभा राहतो, बाहेरून कातडी असलेला. मला ते वाक्य नकोसं वाटतं, कारण शनीला कातडीच नाही.

शिंगणापूरला शनिदेव काळ्या शिळेच्या रूपात आहेत. चौथऱ्यावर, उघड्या आभाळाखाली उभी, तेलाने माखलेली ती शिळा ज्यांनी पाहिली आहे, त्यांच्या मनात शनी म्हणजे दगडाचं वजन. आणि आकाशातल्या या मंद चालीच्या ग्रहाचं वजन आपल्या पूर्वजांनी ओळखलंही होतं. साडेएकोणतीस वर्षांत एक फेरी, म्हणून एका राशीत साधारण अडीच वर्षं आणि तीन राशींची मिळून साडेसाती. हे गणित डोळ्यांनी बघून बसवलेलं आहे. दगडाचं म्हणाल तर तोही शनीत आहे, फक्त शिळा होऊन उभा नाही. त्याबद्दल पुढे सांगतोच.

आता दुसरं चित्र काढतो. ते पहिल्या चित्राच्या आत आहे असं समजा. वर डावीकडचा तो तेजस्वी ठिपका, शुक्र, त्याच्यात आपण उतरतो आहोत. हे चित्र १ मार्च १९८२ या दिवसाचं. सोव्हिएत संघाचं व्हेनेरा १३ हे यान शुक्राच्या ढगांतून खाली आलं. जवळजवळ ५० किलोमीटर उंचीवर त्याने हवाई छत्री सोडून दिली, कारण पुढची हवा इतकी दाट होती की छत्रीची गरजच उरली नव्हती. ते जिथे टेकलं तिथलं तापमान ४५७ अंश सेल्सियस होतं आणि दाब पृथ्वीवरच्या सुमारे ८९ पट. यानाने तिथे ३२ मिनिटं तग धरावी एवढीच रचनाकारांची अपेक्षा होती. ते १२७ मिनिटं जगलं आणि शुक्राच्या जमिनीची पहिली रंगीत छायाचित्रं त्याने पाठवली.

चित्र विचित्र वाकलेलं आहे. कॅमेरा तिरपा बसवलेला आणि आरसा हळूहळू फिरवत समोरचा पट्टा टिपणारा, म्हणून मधला भाग यानाच्या पायाशी आणि दोन्ही कोपरे क्षितिजाशी पोहोचतात. कोपऱ्यांत आभाळाचा तुकडा उतरत्या छपरासारखा दिसतो. सगळ्यावर गडद नारिंगी रंग आहे. तो खडकांचा रंग नाही. वरची दाट हवा आणि ढग सूर्यप्रकाशातला निळा अंश गिळून टाकतात, खाली पोहोचतो तो नारिंगी उजेड. पांढऱ्या उजेडात हेच खडक करडे दिसतील. जमिनीवर सपाट, भेगाळलेल्या फरश्या आणि त्यांच्यामध्ये काळपट माती. चित्राच्या खालच्या काठाला यानाच्या बुडाचं दातेरी कडं. आणि त्या कड्यापलीकडे, मातीवर, एक अर्धवर्तुळाकार धातूचा तुकडा.

तो तुकडा म्हणजे कॅमेऱ्याच्या खिडकीचं झाकण. उतरताना उष्णता आणि दाब यांपासून काच वाचवायची आणि उतरल्यावर उडून बाजूला पडायचं, एवढंच त्याचं काम. पण त्यामागे मोठी वेदना आहे. १९७५ साली व्हेनेरा ९ आणि १० यांच्या प्रत्येकी एका कॅमेऱ्याचं झाकण उडालंच नाही. म्हणून परग्रहाच्या जमिनीवरून आलेली ती पहिली चित्रं अर्ध्याच देखाव्याची राहिली. १९७८ साली व्हेनेरा ११ आणि १२ शुक्रावर सुखरूप उतरली, पण त्यांचं एकही झाकण उघडलं नाही. दोन्ही यानं डोळे मिटूनच जळून गेली. म्हणून व्हेनेरा १३च्या चित्रात ते झाकण मातीवर पडलेलं दिसतं तेव्हा मला ते चित्राचा नायक वाटतं. चारच दिवसांनी व्हेनेरा १४ उतरलं. त्याचंही झाकण उडालं आणि नेमकं अशा जागी पडलं, जिथे माती किती घट्ट आहे हे तपासणारा हात खाली येणार होता. हात झाकणावरच टेकला.

त्या झाकणाने मला या दोन जातींच्या ग्रहांमधला फरक शिकवला. वस्तू पडते आणि पडून राहते, एवढ्या साध्या घटनेसाठी तळ लागतो. आपण ज्याला जागा म्हणतो, ठिकाण म्हणतो, गाव म्हणतो, ते सगळं पडून राहण्यावर उभं आहे. शनीवर तेच झाकण टाकलं असतं तर ते पडत राहिलं असतं. तापत, वितळत, शेवटी वाफ होऊन त्या वायूच्या महासागरात विरून गेलं असतं. ते अमुक ठिकाणी आहे असं म्हणण्याची सोय कधीच आली नसती.

व्हेनेरा १४ने तपासलेला शुक्राचा खडक बेसाल्ट निघाला, आपल्या समुद्रतळांवर सापडतो त्या घडणीचा. दख्खनच्या पठाराचा बहुतांश काळा पाषाणही त्याच घराण्यातला. सह्याद्रीत ज्याला आपण काळवत्री म्हणतो, त्याचे नातेवाईक तिथे साडेचारशे अंशांत पडून आहेत. आणि जमीन आहे म्हटल्यावर तिला नावही देता येतं. शुक्रावरच्या विवरांना स्त्रियांची नावं देण्याचा नेम आहे. तिथल्या सुमारे ३४ किलोमीटर रुंदीच्या एका विवराला डॉ. आनंदीबाई जोशींचं नाव आहे. १८८६ साली पेनसिल्व्हेनियात डॉक्टर झालेली आणि पुढच्याच वर्षी, बावीसही पुरी न होता, पुण्यात गेलेली ही मुलगी. तिचं नाव टिकायला दगड मिळाला, याचं मला समाधान आहे. शनीच्या ढगांना कुणाचं नाव द्यायचं? आज दिसलेलं वादळ उद्या दुसऱ्या रेखांशाशी पांगलेलं असतं.

जमीन घाव राखते, हेही इथेच सांगायला हवं. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार जेमतेम १.८ किलोमीटर रुंद आहे. अंतराळातून आलेला एक दगड बेसाल्टवर आदळला, त्याला हजारो वर्षं होऊन गेली. तरी काठावर उभं राहिलं की खोलगट वाटी, तिच्यातलं खारं पाणी आणि वर उचललेली कड अजून स्पष्ट दिसते. चंद्र आणि मंगळ यांवरची विवरं समजून घ्यायला अभ्यासक लोणारला येतात, कारण बेसाल्टवरचं इतकं चांगलं टिकलेलं विवर पृथ्वीवर दुर्मीळ आहे. आता याच्या शेजारी जुलै १९९४ ठेवा. शूमेकर-लेव्ही ९ या धूमकेतूचे तुकडे १६ ते २२ जुलै या आठवड्यात एकामागोमाग एक गुरूवर आदळले. एकेक काळा डाग उमटला, त्यांतला एक तर जवळपास पृथ्वीएवढ्या रुंदीचा. साध्या दुर्बिणींतूनही ते दिसत होते. काही महिन्यांत सगळे पुसले गेले. पृथ्वीएवढा घाव गुरूने गिळला आणि पावणेदोन किलोमीटरचा घाव बुलढाण्याने जपून ठेवला.

इथवर मी जमिनीची बाजू घेत आलो, कारण मी जमिनीवर राहतो. पण कॅसिनीच्या चित्राकडे परत गेलं की तो काळोखा शनी मला वेगळं काही दाखवतो. सूर्य आणि ग्रह ज्या मेघातून जन्मले, त्याचा शेकडा ९८ भाग हायड्रोजन आणि हेलियम होता. खडक आणि धातू मिळून शेकड्याला एक भागसुद्धा नव्हता. कोवळ्या सूर्याच्या जवळ इतकी उष्णता होती की पाण्याचा बर्फसुद्धा गोठू शकत नव्हता. तिथे घन रूपात राहिले ते फक्त खडक आणि धातूंचे कण, आणि त्यांतून आपले चार ग्रह जमले. सुपात धान्य पाखडताना हलकं ते उडून जातं आणि जड खडे मागे राहतात, तसे आपण मागे राहिलेले खडे आहोत. पलीकडे, जिथे बर्फही गोठत होता, तिथे माल जास्त होता. तिथले गाभे लवकर मोठे झाले आणि मेघातला वायू काही दशलक्ष वर्षांत विरून जाण्याआधी त्यांनी तो ओढून घेतला. एकदा ओढलेला वायू शनीने सोडलाही नाही. पृथ्वीवरून निसटायला सेकंदाला ११.२ किलोमीटर वेग पुरतो, शनीवर त्याच्या तिपटीहून अधिक लागतो. आपल्याकडे उरलेला हायड्रोजन बहुतेक पाण्यात ऑक्सिजनचा हात धरून राहिलेला आहे.

शुक्राच्या दाट हवेचं इतकं वर्णन केलं, पण ती हवा सगळी मिळून शुक्राच्या वस्तुमानाचा दहाहजारावा भाग आहे. खडकाळ ग्रहाची हवा म्हणजे अंगावरचं उपरणं. शनीचा देहच हवेचा. आपल्या जमिनीने नंतरच्या घटना राखल्या, लोणार राखलं, नावं राखली. जन्माच्या वेळचं सगळ्यांचं सामाईक द्रव्य मात्र राखलं ते त्या चेहरा नसलेल्या ग्रहांनी. एक स्मृती खुणांची आणि दुसरी द्रव्याची. आपण खुणांनाच स्मृती म्हणतो, म्हणून दुसरी चटकन ओळखू येत नाही.

आता त्या दगडाबद्दल. शनीच्या पोटात काय आहे हे कळलं ते, फार सुंदर गोष्ट आहे ही, त्याच्या कड्यांवरून. शनीचं अंग आतल्या आत हेलकावे खातं, त्यामुळे त्याची ओढ किंचित कमीजास्त होते आणि कड्यांमधल्या बर्फकणांवर नागमोडी तरंग उठतात. कॅसिनीने ते तरंग मोजले. भूकंपाच्या लाटांवरून पृथ्वीचं पोट वाचावं तसं कड्यांवरून शनीचं पोट वाचलं गेलं. २०१९ साली त्यावरून शनीचा दिवस १० तास ३३ मिनिटं ३८ सेकंदांचा निघाला. २०२१ साली कळलं की त्याच्या गाभ्याला काठ नाही. तो त्रिज्येच्या साधारण ६० टक्क्यांपर्यंत पसरलेला आहे आणि त्यात सुमारे १७ पृथ्वी होतील एवढा खडक आणि बर्फ आहे, हायड्रोजन-हेलियममध्ये कालवलेला, मध्याकडे दाट आणि बाहेर विरळ होत गेलेला. सतरा पृथ्वींचा ऐवज, आणि उभं राहायला पाऊलभर जागा नाही. हे वाचल्यापासून कॅसिनीच्या चित्रातली ती उजळलेली कडी मला शोभेची वाटत नाहीत. ज्याला तळ नाही त्याच्या अंतरंगाला लावलेले ते कान आहेत.

ज्या यानाने हे चित्र काढलं, त्याचं इंधन संपत आलं होतं. एन्सेलॅडस आणि टायटन या चंद्रांवर पृथ्वीचे सूक्ष्मजीव चुकूनही पोहोचू नयेत म्हणून ते शनीतच सोडायचं ठरलं. १५ सप्टेंबर २०१७. सेकंदाला तीस किलोमीटरहून अधिक वेगाने ते वातावरणात शिरलं. त्याचा अँटेना पृथ्वीकडे रोखलेला होता. ढगांच्या वर सुमारे १,५०० किलोमीटर असतानाच त्याला तोल सावरेनासा झाला, आणि तोवर ते शनीची हवा चाखून तिचा हिशेब पाठवत होतं. शेवटचा संदेश सुमारे १४९ कोटी किलोमीटर ओलांडून पृथ्वीवर पोहोचला तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे पाच वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. यान त्याच्या सुमारे ८३ मिनिटं आधीच संपलं होतं.

माझ्या टेबलासमोर ते चित्र लावलेलं आहे. खाली उजवीकडे पृथ्वी, तिच्या अंगाला चंद्र. वर डावीकडे शुक्र. चित्र निघालं तेव्हा त्या ठिपक्यावर ते झाकण येऊन एकतीस वर्षं झाली होती. मध्ये काळोखा शनी, आणि चित्र काढणारा चार वर्षांनी त्याच काळोखात मिसळला.